विलेम काल्फ

विलेम काल्फ (बाप्तिस्मा: नोव्हेंबर, इ.स. १६१९, रॉटरडॅम – मृत्यू: ३१ जुलै, इ.स. १६९३, ॲम्स्टरडॅम) हा सतराव्या शतकातील डच चित्रकार होता. डच सुवर्णयुगातील स्थिरवस्तुचित्रांच्या (स्टिल लाइफ) परंपरेतील अखेरच्या श्रेष्ठ चित्रकारांमध्ये त्याची गणना होते. काच, चांदी, चिनी माती, स्फटिक आणि शिंपला या पारदर्शक अथवा चकाकणाऱ्या पदार्थांवर पडणारा प्रकाश हा त्याच्या उत्तरकालीन चित्रांचा मुख्य विषय होय. मद्याने अर्धा भरलेला हिरवट काचेचा पेला, साल अर्धवट सोललेले लिंबू, चांदीचे तबक, निळ्या नक्षीचे चिनी भांडे आणि चुरगळलेला गालिचा एवढ्याच वस्तू तो काळोख्या पार्श्वभूमीपुढे पुनःपुन्हा मांडत राहिला. हाच त्याच्या कीर्तीचा आधार ठरला आणि त्याच्यावरील टीकेचा रोखही याच गोष्टीवर राहिला.

पूर्वायुष्य

काल्फचा जन्म रॉटरडॅममधील एका सुखवस्तू कुटुंबात झाला. जुन्या काही संदर्भग्रंथांत त्याचे जन्मस्थान ॲम्स्टरडॅम व जन्मवर्ष १६२२ असे दिलेले आढळते. परंतु पुढे झालेल्या दप्तर-संशोधनाने ते चुकीचे ठरवले आहे. त्याचे वडील यान यान्स काल्फ हे कापडाचे व्यापारी होते व नगरपालिकेतील काही पदेही त्यांच्याकडे होती. १६२५ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा विलेम अवघा पाच-सहा वर्षांचा होता. १६३८ मध्ये आईही गेली. त्यानंतर लवकरच त्याने रॉटरडॅम सोडले असावे.

त्याच्या गुरूविषयी मतभेद आहेत. अठराव्या शतकातील चरित्रकार अर्नोल्ड हाउब्राकेन याने हेंड्रिक पॉट या चित्रकाराचे नाव दिले आहे. पण पॉट हा मुख्यतः व्यक्तिचित्रे व मेजवान्यांची दृश्ये रंगवणारा चित्रकार होता आणि काल्फच्या कोणत्याही चित्रात त्याची छाप दिसत नाही. फ्रान्स्वा रेइकहाल्स याच्याशी मात्र काल्फच्या प्रारंभीच्या कामाचे स्पष्ट साम्य आहे. रेइकहाल्स गोठे, कोठारे व स्वयंपाकघरे रंगवी, तशीच किमती भांड्यांची स्थिरचित्रेही काढी. काल्फच्या कारकिर्दीचे दोन्ही टप्पे या एका चित्रकारात बीजरूपाने आढळतात, त्यामुळे बहुतेक अभ्यासक त्याच्याकडेच झुकतात.

पॅरिसमधील वास्तव्य

१६४० च्या दशकाच्या आरंभी काल्फ पॅरिसला गेला आणि १६४६ पर्यंत तेथे राहिला. सीन नदीच्या डाव्या तीरावरील सँ-जर्मेन-दे-प्रे या मठाच्या परिसरात त्या काळी फ्लेमिश चित्रकारांची वस्ती होती. शहरातील चित्रकारांच्या संघाचे नियम त्या मठाच्या हद्दीत लागू होत नसत. त्यामुळे परदेशी चित्रकारांना तेथे काम करणे सोपे जाई. काल्फ याच मंडळींत वावरला.

पॅरिसमध्ये त्याने प्रामुख्याने लहान आकाराची ग्रामीण अंतर्दृश्ये रंगवली. अंधाऱ्या स्वयंपाकघराचा एक कोपरा, जमिनीवर पडलेले भोपळे व कोबी, पिंप, केरसुणी, तांब्याची हंडी, आणि मागे धुरकट उजेडात एखादी मानवी आकृती, असे त्यांचे स्वरूप असे. स्थिरचित्रकार माणसांना सहसा चित्राबाहेर ठेवतात. येथे माणूस आहे, पण तो जवळजवळ सावलीसारखा आहे, आणि चित्रकाराचे सारे लक्ष उपड्या पडलेल्या हंडीच्या कडेवर चमकणाऱ्या प्रकाशाच्या रेषेकडे लागलेले आहे. फ्रान्समध्ये या चित्रांना चांगली मागणी होती. अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकारांनी, विशेषतः शार्दँने, स्वयंपाकघरातील साध्या भांड्यांना जी प्रतिष्ठा दिली, तिच्यामागे काल्फच्या या चित्रांचा वाटा मानला जातो.

याच वर्षांत त्याने किमती भांड्यांची मोठी स्थिरचित्रेही रंगवण्यास सुरुवात केली. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातील सुरई, धातूची भांडी व डाळिंब यांचे चित्र या काळातील आहे. पुढील काल्फची ओळख पटावी अशी बरीच लक्षणे त्यात आहेत, पण वस्तूंची गर्दी अजून ओसरलेली नाही. धातूवरील प्रतिबिंबे चोख आहेत. मात्र प्रत्येक भांडे आपापल्या ठिकाणी स्वतंत्रपणे चमकते, ती एकमेकांशी बोलत नाहीत.

विवाह व ॲम्स्टरडॅम

१६४६ च्या ऑक्टोबरमध्ये काल्फ रॉटरडॅममध्ये परतल्याची नोंद आहे. १६५१ मध्ये होर्न या बंदराच्या गावी त्याचा विवाह कॉर्नेलिया प्लूव्हिएर हिच्याशी झाला. ती व्होलनहोव्ह येथील प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाची मुलगी. तिचे नाव केवळ चित्रकाराची पत्नी म्हणून घ्यावे अशी ती नव्हती. सुलेखन, काव्य व संगीतरचना यांत तिची गती होती, आणि हिऱ्याच्या टोकाने काचेवर कोरीवकाम करणारी म्हणूनही ती परिचित होती.

हिऱ्याच्या टोकाने काच कोरण्याची कला त्या काळी नेदरलँड्समधील सुशिक्षित घरांत प्रतिष्ठेची होती. ॲना व मारिया टेसेलस्काडे या व्हिसर भगिनींनी आधीच्या पिढीत तिला नाव मिळवून दिले होते. पेल्याच्या गोलाईवर हात न कापता वळणदार अक्षरे वा वेली ओरखडायच्या, आणि त्या ओरखड्यांतून प्रकाश कसा फुटतो हे पाहत पुढे जायचे, असे हे काम आहे. एकदा उमटलेली रेघ पुसता येत नाही. म्हणजे काल्फच्या घरी एक व्यक्ती खऱ्या काचेवर प्रकाश कोरत होती, तर दुसरी तेलरंगांतून काच उभी करत होती. चरित्रग्रंथांत या गोष्टीचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. ती अधिक जागेस पात्र आहे.

१६५३ च्या सुमारास हे दांपत्य ॲम्स्टरडॅमला स्थायिक झाले. शहर तेव्हा भरभराटीच्या शिखरावर होते. पुढच्याच वर्षाच्या सुमारास कवी यान व्हॉस याने शहरातील नामांकित चित्रकारांचा उल्लेख करताना त्यांत काल्फचेही नाव घेतले, यावरून नवागत असूनही त्याला किती लवकर मान्यता मिळाली हे दिसते.

प्रौढ शैली

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्लेम येथील पीटर क्लास व विलेम क्लास हेडा यांनी न्याहारीच्या मेजाची स्थिरचित्रे लोकप्रिय केली होती. करड्या-तपकिरी रंगांत एक कथिलाची बशी, हेरिंग मासा, पाव आणि काचेचा पेला, एवढ्यावर ती चित्रे उभी असत. त्यानंतर यान डाव्हिड्स दे हेम याने फळे, शेवंडी, फुले व सोन्याचांदीची भांडी यांनी ओसंडून वाहणारी मेजे रंगवली. या वैभवदर्शी प्रकाराला डच भाषेत प्रोंकस्टिलेव्हन म्हणतात. काल्फने दुसऱ्या परंपरेतील वस्तू घेतल्या आणि त्यांना पहिल्या परंपरेचा संयम लावला. वस्तू राजेशाही, पण मोजक्या. रंग झगझगीत, पण अंधारातून जेमतेम वर आलेले. त्याच्या चित्रांत मेज संगमरवरी असते, त्याच्या एका बाजूला गालिचा सारलेला असतो आणि तबक किंचित तिरके, कडेबाहेर डोकावणारे असते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील सुमारे १६५३ चे चित्र या टप्प्याच्या आरंभीचे व बहुधा सर्वाधिक परिचित आहे. सुमारे ८६ सेंटिमीटर उंच व १०२ सेंटिमीटर रुंद असलेल्या या चित्रात चांदीने मढवलेले म्हशीचे पानशिंग, लालभडक शेवंड, लिंबू आणि पेले आहेत. हे शिंग काल्पनिक नाही. ॲम्स्टरडॅमच्या संत सेबास्टियन तिरंदाज संघासाठी ते १६५३ च्या जवळपास शतकभर आधी, म्हणजे १५६५ मध्ये घडवले गेले होते. झाडाला बांधलेल्या संताची चांदीची आकृती त्याच्या बैठकीत आहे, आणि मूळ शिंग आजही ॲम्स्टरडॅमच्या नगर-संग्रहालयाकडे आहे. त्यामुळे चित्र व वस्तू यांची तुलना करता येते. काल्फने हे शिंग एकापेक्षा अधिक चित्रांत वापरले. शेवंडीचा लाल रंग चांदीत उतरताना कसा मंदावतो आणि शिंगाच्या काळसर, किंचित अर्धपारदर्शक पृष्ठावर तो कसा नाहीसा होतो, हे या चित्रात पाहण्यासारखे आहे.

माद्रिदच्या थायसेन-बोर्नेमिसा संग्रहालयातील १६६२ चे चित्र त्याच्या कारकिर्दीचा कळस मानले जाते. त्यात नॉटिलस या समुद्री शंखाचा सोनेरी मुलाम्याच्या चांदीत बसवलेला चषक आहे. त्याच्यावर समुद्रदेव नेपच्यून आरूढ झालेला दिसतो. शेजारी झाकणाचे चिनी भांडे असून त्याच्या अंगावर ताओ परंपरेतील आठ अमर सिद्धांच्या उठावदार, रंगीत मूर्ती चिकटवलेल्या आहेत. अशी भांडी मिंग काळात घडवली जात. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळल्यावर चीनमधील अशांततेमुळे युरोपकडे येणारी चिनी मातीची आवक बरीच घटली. त्यामुळे काल्फने ते भांडे रंगवले, तेव्हा ॲम्स्टरडॅममध्येही ते सहज मिळणारे राहिलेले नव्हते. मागील अंधारात व्हेनिशियन पद्धतीचा अतिशय पातळ काचेचा उंच पेला आहे. चित्र प्रथम पाहणाऱ्याला तो दिसतच नाही.

काच व चांदी रंगवण्याची पद्धत

पारदर्शक वस्तू रंगवण्यातील मूळ अडचण अशी की तिला स्वतःचा रंग नसतो. काचेचा पेला रंगवायला बसलेला नवशिका विद्यार्थी प्रथम पेल्याची बाह्यरेषा काढतो, मग आत राखाडी रंग भरतो, आणि पेला ॲल्युमिनियमचा दिसू लागतो. काल्फची चित्रे पाहिली असता त्याचा मार्ग उलट असल्याचे लक्षात येते. तो आधी पेल्यामागचा काळोख रंगवतो. पेला म्हणजे त्या काळोखात झालेला किंचित बदल, एवढेच त्याच्यासाठी काचेचे अस्तित्व आहे. कडेला, जेथे काच डोळ्याच्या रेषेत येऊन जाड भासते, तेथे एक बारीक फिकट रेषा. तीही सलग नाही, मध्येच तुटते. मग खिडकीच्या प्रतिबिंबाचा एक-दोन फटकाऱ्यांचा पांढरा तुकडा. बाकी सारे पाहणाऱ्याचे डोळे पूर्ण करतात. माद्रिदच्या चित्रातील मागचा पेला अशाच मोजक्या रेषांनी उभा आहे.

अपारदर्शक व पारदर्शक वस्तूंवरील छायाप्रकाश परस्परविरुद्ध असतो, हेही काल्फच्या चित्रांतून शिकता येते. प्रकाश डावीकडून येत असेल, तर लिंबाची डावी बाजू उजळ व उजवी काळोखी असते. पण मद्याने भरलेल्या पेल्यात डावीकडे खिडकीचा लहानसा चकचकीत ठिपका तेवढा दिसतो. आत शिरलेला प्रकाश मद्यातून वळून उजव्या भिंतीपाशी एकवटतो आणि तीच बाजू पिवळसर तेजाने उजळते. भरलेला गोल पेला भिंगासारखे काम करतो. लिंबू आणि पेला शेजारी ठेवून एकाच प्रकाशाचे हे दोन विरुद्ध परिणाम दाखवणे ही काल्फची आवडती रचना आहे. लिंबाची लोंबती साल तर कधी पेल्यातच सोडलेली असते. मग ती काचेमागे, मद्यामागे आणि हवेत अशी तीन रूपांत दिसते.

असा पेला डच भाषेत रूमर म्हणून ओळखला जातो. वनप्रदेशातील भट्ट्यांत, लाकडाच्या राखेचा क्षार वापरून घडवलेली ही काच वाळूतील लोहामुळे हिरवट होई. पेल्याच्या जाड दांड्यावर काचेचे गोळे चिकटवून त्यांना रासबेरीच्या फळासारखा दाणेदार छाप दिला जाई, ज्यायोगे तेलकट हातातून पेला निसटू नये. चित्रकाराच्या दृष्टीने हे गोळे म्हणजे डझनभर लहान भिंगे होत. काल्फ प्रत्येक गोळ्याला स्वतंत्र ठिपका देतो, पण प्रकाशापासून दूर जाताना ते ठिपके मंद करत नेतो.

चांदीचीही स्वतःची अशी रंगछटा जवळजवळ नसते. शेजारी जे असेल ते ती परत दाखवते. काल्फच्या तबकात लिंबाचा पिवळा, गालिच्याचा लाल आणि खोलीचा काळोख यांचे पट्टे एकमेकांना खेटून असतात. मातीच्या भांड्यावर उजेड हळूहळू अंधाराकडे जातो. पॉलिश केलेल्या धातूवर तसे होत नाही, तेथे सर्वांत उजळ व सर्वांत काळी छटा शेजारी येतात. चिनी माती या दोहोंच्या मधली. तिच्या पांढऱ्या अंगावर छाया हळुवार चढत जाते, पण वरच्या काचेरी झिलईवर खिडकीचा ठिपका तीक्ष्ण राहतो. या तीन पदार्थांतील भेद रंगावर नव्हे, तर छटांच्या कडा मऊ आहेत की कठोर यावर अवलंबून आहे, आणि काल्फला हे भेद अचूक कळले होते.

हे सर्व तेलरंगांमुळे शक्य झाले. गडद थरावर पातळ, पारदर्शक रंगलेप चढवून तो खोली निर्माण करी आणि अगदी शेवटी शिशाचा सफेदा व शिसे-कथिलयुक्त पिवळा रंग जाडसर लावून चकाकीचे ठिपके देई. सोललेल्या लिंबाच्या गरावर रंगाचा उंचवटा स्पर्शाला जाणवेल इतका असतो. त्याच्यावर संग्रहालयातला खरा उजेडही चमकतो. त्याच्या ठिपक्यांची तुलना अनेकदा व्हरमेरच्या पावावरील व गालिच्यावरील प्रकाशबिंदूंशी केली जाते. दोघांतही वस्तूचा तपशील मोजून रंगवण्यापेक्षा तिच्यावरील उजेडाची नोंद करण्याकडे कल आहे. जवळून पाहिल्यास काल्फचे लिंबू म्हणजे पिवळ्या रंगाचे सुटे कण आहेत. दोन पावले मागे सरताच ते ओले होते.

वस्तू व व्यापार

काल्फच्या मेजावरील जवळपास प्रत्येक वस्तू दूरवरून आलेली आहे. नॉटिलसचे शंख हिंदी व प्रशांत महासागरांतले, चिनी भांडी वान-ली काळातील, गालिचे आशियातील, लिंबे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरची. यांतील पूर्वेकडचा बराचसा माल १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी आणलेला असे. कोकणात वेंगुर्ल्याला वखार घालणारी कंपनी ती हीच. अलीकडील अभ्यासकांनी, विशेषतः ज्युली बर्जर हॉकस्ट्रासर यांनी, अशा स्थिरचित्रांतील व्यापाराचा इतिहास उलगडला आहे. चित्रात मालाचा झगमगाट दिसतो, तो मिळवण्यासाठी समुद्रापलीकडे झालेली युद्धे, मक्तेदारी व वेठबिगार दिसत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे. स्वेतलाना आल्पर्स यांनी वेगळ्या बाजूने पाहिले. त्यांच्या मते काल्फ सोनार, काच-कारागीर व विणकर यांच्याशी जणू स्पर्धा करतो. एका कारागिराने घडवलेली वस्तू तो रंगातून दुसऱ्यांदा घडवतो.

१६६९ चे मिंग बरणीचे चित्र अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील १६७८ च्या चित्रात नॉटिलस चषकासोबत हान्स होल्बाइनच्या नावाने ओळखले जाणारे स्फटिकाचे भांडे दिसते. नैसर्गिक स्फटिक काचेपेक्षा अधिक नितळ असतो, पण त्याच्या कोरलेल्या अंगात प्रकाश अनेकदा मोडतो. या उशिराच्या चित्रात काल्फने ते आव्हान मुद्दाम निवडलेले दिसते.

लॅरेसचा आक्षेप

काल्फच्या हयातीतच ॲम्स्टरडॅममधील अभिरुची पालटू लागली होती. फ्रेंच अभिजातवादाचा प्रभाव वाढला आणि चित्रात उदात्त कथा, पौराणिक प्रसंग किंवा निदान स्पष्ट बोध असावा, ही अपेक्षा रूढ झाली. या मताचा प्रमुख पुरस्कर्ता जेरार्ड दे लॅरेस हा चित्रकार होता. दृष्टी गेल्यानंतर त्याने दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झालेला त्याचा चित्रकलेवरील मोठा ग्रंथ १७०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने काल्फच्या कौशल्याचा गौरव केला, परंतु त्याच्यावर एक गंभीर आक्षेपही घेतला. काल्फ आपल्या मांडणीला कारण देऊ शकत नाही. जे डोळ्यापुढे आले ते त्याने रंगवले, त्यातून काही अर्थपूर्ण सांगावे असा विचार त्याने केला नाही, असे त्याचे म्हणणे होते.

हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. स्थिरचित्राला त्या काळी जगाच्या नश्वरतेचा बोध जोडलेला असे. कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ ही त्याची नेहमीची चिन्हे. काल्फच्या काही चित्रांत घड्याळ येते, आणि सोललेले लिंबू बाहेरून देखणे पण चवीला आंबट म्हणून त्यालाही असा अर्थ लावला गेला आहे. परंतु कवटीची चित्रे काढणाऱ्यांच्या तुलनेत काल्फची चित्रे या बाबतीत खरोखरच मूक आहेत. त्याच्या चित्रांना बोधवचने चिकटवून लॅरेसला उत्तर देण्याचा विसाव्या शतकातील काही अभ्यासकांचा प्रयत्न फारसा पटण्याजोगा नाही. तीच बरणी, तोच पेला, तेच लिंबू वर्षानुवर्षे किंचित जागा बदलून रंगवणाऱ्या माणसाला वस्तूंच्या अर्थापेक्षा त्यांच्यातून जाणाऱ्या उजेडाचेच अधिक वेध लागलेले होते, असे मानणे चित्रांशी अधिक सुसंगत आहे.

लॅरेसला सर्वांत ठळक उत्तर नव्वद वर्षांनी एका कवीने दिले. १७९७ मध्ये जर्मन कवी गोएथे याने फ्रांकफुर्ट येथे काल्फचे एक चित्र पाहिले व त्याच्यावर टिपण लिहिले. कला निसर्गापेक्षा कोणत्या अर्थाने श्रेष्ठ असते आणि मनुष्याची बुद्धी वस्तूंना काय देते, हे समजण्यासाठी हे चित्र पाहावे, असा त्याचा अभिप्राय होता. चित्रातील सोन्याची भांडी आणि चित्र यांतून एक निवडायचे झाल्यास आपण चित्रच निवडू, हेही त्याने नमूद केले. चित्रात गोष्ट नाही याची त्याला खंत वाटली नाही.

अखेरची वर्षे

१६७२ मध्ये फ्रान्सने आक्रमण केले आणि डच प्रजासत्ताकातील चित्रांचा बाजार कोसळला. त्याच वर्षी चित्रविक्रेता खेरिट आउलेनबुर्ख याने ब्रांडेनबुर्गच्या शासकाला इटालियन म्हणून विकलेल्या चित्रांच्या अस्सलपणाचा गाजलेला वाद झाला. मत देण्यासाठी अनेक चित्रकारांना पाचारण करण्यात आले. व्हरमेरने द हेगमध्ये साक्ष दिली, आणि मत देणाऱ्यांत काल्फही होता. पारखी म्हणून त्याचा लौकिक यातून स्पष्ट होतो. उत्तरायुष्यात त्याचे रंगवणे कमी होत गेले आणि कलावस्तूंची खरेदी-विक्री व पारख हाच त्याचा मुख्य व्यवसाय बनला. ज्या प्रकारच्या वस्तू तो रंगवत आला, तशाच वस्तू आता त्याच्या हातून जात होत्या.

हाउब्राकेनने काल्फचे वर्णन सुस्वभावी, बहुश्रुत व गप्पांत रमवणारा माणूस असे केले आहे. त्याच्या गोष्टी ऐकत लोक रात्री उशिरापर्यंत बसून राहत. त्याच्या मृत्यूची हकिकतही हाउब्राकेननेच नोंदवली आहे. चित्रमुद्रा पाहण्यासाठी एका रसिकाच्या घरी गेलेला काल्फ परतताना वाटेत एका पुलापाशी पडला. तो घरी पोहोचला, परंतु थोड्याच वेळात त्याचे निधन झाले. तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. कॉर्नेलिया त्याच्यानंतर बरीच वर्षे हयात होती. तिचे निधन १७११ मध्ये झाले.

संग्रह व संशोधन

काल्फची चित्रे ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम, बर्लिनची गेमेल्डेगॅलरी, लंडनची नॅशनल गॅलरी, माद्रिदचे थायसेन-बोर्नेमिसा संग्रहालय आदी ठिकाणी आहेत. लुसियस ग्रिझेबाख याने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला जर्मन ग्रंथ व त्यातील चित्रसूची आजही अभ्यासाचा पाया मानली जाते. २००६-०७ मध्ये रॉटरडॅमचे बोइमान्स संग्रहालय व जर्मनीतील आखेनचे झ्युअरमोंट-लुडविग संग्रहालय यांनी त्याच्या स्थिरचित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. काल्फच्या रचनांच्या जुन्या नकला मोठ्या संख्येने असल्यामुळे अस्सल चित्रे वेगळी काढणे हे अवघड काम ठरते. नकलाकारांना वस्तूंची मांडणी तंतोतंत साधता येई. फसगत होई ती बहुधा मागच्या पेल्यावर, कारण तो स्पष्ट दिसावा म्हणून ते त्याची कड सलग काढून टाकत.